बाजूला काढून ठेवलेली पैठणी

(पत्र थोडं कापून देत आहे.)

मावशी, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली, नोकरीला संभाजीनगरला. लग्न अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात आहे. आमच्याकडं नवरीचा शालू नवरदेवाकडचे घेतात. नाथषष्ठीची गर्दी ओसरल्यावर दोन्हीकडचे मिळून आम्ही ११ जण क्रूझरनं पैठणला बस्त्याला गेलो. एका विणकर ताईंच्या घरी पाचच साड्या होत्या, पण त्यातली २४ हजारांची मोरपंखी मला फार आवडली. सासूबाई म्हणाल्या, आमच्यात नवरी डाळिंबीच नेसते, हीच डाळिंबीत पंधरा दिवसांत करून द्या. ते जमणार नव्हतं. नणंद म्हणाली, मोरपंखीत ही काळपट दिसते. मी गप्प बसले. ताईंनी ती साडी बाजूला काढून ठेवली आणि दोन दिवसांत कळवतो म्हणून आम्ही निघालो. त्याला १९ दिवस झाले. आता सासूबाईंनी जालन्यात मशीनची डाळिंबी पाहून ठेवलीय आणि मला रोज नुसतं ‘बघू, ठरवू’ म्हणतात. जीव टांगणीला लागलाय. माझ्याच लग्नात मी माझ्या मनाची साडी नेसू नये का?

*

पोरी,

मूळ पत्रात सासूबाईंना तू दीड पान दिलंयस, नणंदेला अर्धं. आणि त्या विणकर बाईला एक वाक्य. मी तिथंच अडकले.

ती साडी अजून कपाटात आहे ना गं?

दुकानदारानं साडी बाजूला ठेवणं वेगळं. त्याच्या गादीमागं दुसऱ्या शंभर घड्या असतात, तुझी पाठ वळली की पोऱ्या ती परत थप्पीत लावतो. हिच्या घरात पाच होत्या, हे तूच लिहिलंयस. पाचातली एक तिनं तुझ्या शब्दावर काढून ठेवली, तीही लग्नसराईच्या तोंडावर. दारात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला तिनं चारच दाखवल्या असतील.

तुम्ही गेलात तेव्हा ती मागावर होती की नाही ते तू लिहिलं नाहीस. असणारच. पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला नसतो. रंगारंगाच्या रेशमाच्या छोट्या तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या कांड्या घेऊन, धागे मोजत, ओळीमागून ओळ तो भरत न्यायचा असतो. म्हणून तर चांगला पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो. एक साडी उतरायला काही आठवडे लागतात, पदर भरगच्च असला तर महिने. त्यातली मोरपंखी म्हणजे धूपछाव, उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या. ‘हीच डाळिंबीत द्या’ म्हणणं म्हणजे माग नव्यानं लावण्यापासून सुरुवात करा म्हणणं. पंधरा दिवसांत! सासूबाईंना हे माहीत नसेल, मान्य. तू तर नोकरी करतेस, रोज मोबाईलवर दहा गोष्टी शोधतेस. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं हे लोक कौतुकानं सांगतात, पण ती विणायला किती दिवस लागतात हे बस्त्याला निघण्याआधी कोणी विचारत नाही.

आणि ११ जण कशाला? बस्त्याला माणसं वाढली की मतं वाढतात, पैसे नाही वाढत. माझ्या भाचीच्या बस्त्याला आम्ही चौदा जण गेलो होतो. चार वाजता तिच्या मामेसासूबाईंना दुकानातच चक्कर आली, कारण सकाळपासून कोणी जेवलंच नव्हतं. मानपान सांभाळण्यात सगळे दंग. त्याच दिवशी कोणाच्या तरी अंगठीत जरीचा धागा अडकून ओढला गेला, आणि अंगठी कोणाची ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. तुम्ही निघण्याआधी दोनच गोष्टी ठरायला हव्या होत्या. रक्कम किती, आणि शेवटचा शब्द कोणाचा. ते क्रूझरमध्ये बसण्याआधी ठरलं असतं तर त्या बाईच्या सतरंजीवर तुमच्या घरचा वाद झाला नसता.

आता तुझं ते ‘जीव टांगणीला लागलाय’. सासूबाई तुला रोज ‘बघू’ म्हणतात, तेवढ्यानं तुझी झोप उडाली. तू त्या बाईला ‘कळवतो’ म्हणालीस आणि १९ दिवस तिचं भिजत घोंगडं ठेवलंस. तिच्या बाजूनं तूच सासू झालीस की!

रागावू नकोस. नव्या घराला नाही म्हणायला नवरीची जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला. पण त्या बाईला नाही म्हणायला कोण आडवं आलं होतं?

तेव्हा आज एवढं कर. दुपारी सासूबाईंना फोन लाव. माझं मन, माझं लग्न, माझी आवड यातलं काही काढू नकोस, तो सूर लागला की त्या परत ‘बघू’ म्हणतील. सरळ म्हण, ‘आई, पैठणच्या ताईंनी आपल्यासाठी साडी अडवून ठेवलीय. मला त्यांना आज संध्याकाळी सहाला उत्तर द्यायचंय. घ्यायची का नाही?’ आणि मग बोलू नकोस. त्या बोलेपर्यंत थांब.

सहाला पैठणला फोन कर, उत्तर काहीही आलेलं असो, किंवा आलेलंच नसो. घेणार नसाल तर म्हण, ‘ताई, साडी घेत नाही, दुसऱ्यांना दाखवा. कळवायला उशीर केला, चुकलं माझं.’ जालन्याच्या मशीनच्या साडीचा विषय काढू नकोस. ‘वीसला देता का’ हे तर मुळीच विचारू नकोस. आणि ती साडी तुला खरोखर हवीच असेल तर तू कमावती आहेस. स्वतःच्या पैशानं घे, तिथल्या तिथं पैसे पाठव, आणि लग्नानंतरच्या सत्यनारायणाला नेस. मुहूर्ताला डाळिंबी नेसलीस तरी काही बिघडत नाही. डाळिंबी सगळ्यांनाच खुलते, नणंदेलाही विचार.

ब्लाऊज मात्र आजच्या आज शिवायला टाक. लग्नसराईत चांगला शिंपी नवरीचंसुद्धा ऐकत नाही.

फोन झाला की मला दोन ओळी लिही. सासूबाई काय म्हणाल्या ते नको. ती पैठणची बाई काय म्हणाली, ते.

तुझी,
मावशी