शोधात '&' आला की पुढचा मजकूर गळतो, काय करू?

"दादर & माहीम" शोधल्यावर सर्व्हरला फक्त "दादर" पोचतं, कारण यूआरएलमध्ये & म्हणजे पुढचं पॅरामीटर सुरू. जावास्क्रिप्टचं एनकोडयूआरआयकंपोनंट हे फंक्शन वापरा; ते अशा चिन्हांचं % ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करतं, म्हणजे एन्कोड करतं. आणि ते फक्त व्हॅल्यूला, म्हणजे शोधायच्या मजकुराला लावा, अख्ख्या लिंकला नाही. नावात साम्य असलेलं एनकोडयूआरआय & ला हातच लावत नाही; माझाही एक अख्खा दिवस त्यात गेला होता.

मराठी अक्षरांचं रूप पाहून घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, "द" ३ बाइटांचा; दर बाइटाची % धरून ३ चिन्हं, म्हणून एन्कोड केल्यावर ९ चिन्हं. "दादर"ची ३६ होतात, कारण काना वेगळा मोजतात. सर्व्हरवर सगळं जसंच्या तसं परत मिळतं.

दोनदा एन्कोड मात्र करू नका, % चंच %२५ होऊन बसतं.