पोर्तुगालला युरोव्हिजन जिंकायला 53 वर्षं का लागली? मतदान राजकीय असतं म्हणूनच ना?

या प्रश्नातलं शेवटचं "म्हणूनच ना" वाचलं आणि राहवलं नाही. युरोव्हिजनचा, म्हणजे दरवर्षी होणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेचा, विषय निघाला की कुणीतरी "सगळं राजकारण असतं हो" म्हणून मोकळं होतं. पोर्तुगालच्या बाबतीत हे उत्तर शुद्ध आळसाचं आहे.

आधी गुणांचा हिशेब बघा. प्रत्येक देशाची ज्युरी, म्हणजे परीक्षक मंडळ, दहाच गाण्यांना गुण देते: 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत. प्रेक्षकांचंही तसंच. म्हणजे झाडून सगळ्या देशांत अकरावं आलेलं गाणं शून्यावर बाद, आणि चार देशांत पहिलं व बाकी सगळीकडे विसावं आलेलं गाणं 48 गुण घेऊन जातं. 1964 साली तर आणखी कडक प्रकार होता. प्रत्येक ज्युरी फक्त तीन गाण्यांना 5, 3, 1 असे गुण द्यायची. त्या वर्षी कोपनहेगनला पोर्तुगाल पहिल्यांदा उतरला आणि अंतोनिओ काल्व्हारियो शून्य घेऊन परतले. पण त्यांच्यासोबत जर्मनी, स्वित्झर्लंड आणि युगोस्लाव्हियाही शून्यावरच होते. या चौघांविरुद्ध एकच कट कोण रचणार? 1997 ला पुन्हा शून्य, तेव्हा जोडीला नॉर्वे. नीटनेटकं, सभ्य, पण कुणाचंच पहिल्या पसंतीचं नसलेलं गाणं पाठवायची पोर्तुगालला सवयच होती. या गुणपद्धतीत तसं गाणं मरतंच.

राजकारण बघायचंच असेल तर 1974 बघा. फक्त ते गुणफलकावर सापडणार नाही.

6 एप्रिल, ब्रायटन. पाउलो द कार्व्हाल्यो यांनी 'ई देपोइश दु आदेउश' म्हटलं. अर्थ साधारण 'आणि निरोपानंतर', प्रेमभंगाचं गाणं. तेव्हा प्रत्येक देशाचे दहा ज्युरी सदस्य असत आणि प्रत्येकाचं एक मत. 17 देश होते, म्हणजे स्वतःचा देश सोडून 160 मतं मिळू शकत होती. मिळाली 3. नॉर्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंडसोबत शेवटचा क्रमांक. 24 मतं घेऊन स्वीडनचा आब्बा हा गट जिंकला आणि जगानं त्या संध्याकाळचं तेवढंच लक्षात ठेवलं.

त्यानंतर अठरा दिवसांनी, 24 एप्रिलच्या रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी, लिस्बनच्या एमिसोरेश आसोसियादुश या रेडिओ केंद्रावर तेच गाणं लागलं. पोर्तुगालच्या हुकूमशाहीविरुद्ध उठाव करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी तो 'तयार राहा' असा संकेत होता. हेच गाणं का? त्यात राजकारणाचा एक शब्द नव्हता, त्यामुळे सेन्सॉरनं अडवायचा प्रश्न नव्हता. शिवाय देशाची त्या वर्षीची प्रवेशिका असल्यामुळे ते रेडिओवर लागलं तर कुणाचे कान टवकारले नसते. राजवटीचे विरोधक असलेले गायक झेका अफोन्सो यांचं गाणं त्या केंद्रावर लावणं धोक्याचं होतं. अडचण एवढीच की या केंद्राचं प्रक्षेपण लिस्बनच्या आसपासच पोचायचं. म्हणून दुसरा संकेत देशभर ऐकू जाणाऱ्या रेडिओ रेनाशेन्सावरून ठरला. मध्यरात्री 12 वाजून 20 मिनिटांनी अफोन्सोंचं 'ग्रांदोला, व्हिला मुरेना' वाजलं आणि तुकड्या छावण्यांबाहेर पडल्या. 25 तारखेच्या संध्याकाळी पंतप्रधान कायतानो शरण आले. 48 वर्षांची हुकूमशाही एका दिवसात संपली.

आपल्याकडच्या, विशेषतः गोव्याच्या वाचकांनी पुढचं लक्षात घ्यावं. जी राजवट 1961 नंतरही गोवा भारताचा झाला हे मान्य करायला तयार नव्हती, ती हीच. ती पडल्यावर, 31 डिसेंबर 1974 ला, नव्या पोर्तुगीज सरकारनं दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आणि 1975 ला स्टॉकहोमला पोर्तुगालनं कुणाला पाठवलं? दुआर्ते मेंदेश यांना, म्हणजे उठावात सामील असलेल्या एका कॅप्टनलाच. 19 देशांत सोळावे आले. क्रांतीची सहानुभूती गुणांत उतरत असती तर याहून चांगली संधी कुठली होती?

आता दुसरं पालुपद: "इंग्रजीत गायले असते तर कधीच जिंकले असते." 1999 पासून भाषेची सक्ती गेली. पूर्ण इंग्रजी गाणं पोर्तुगालनं पहिल्यांदा पाठवलं ते 2021 ला, आणि ते बारावं आलं. जिंकलेलं गाणं पोर्तुगीजच होतं.

ते जिंकलं कसं, हा खरा प्रश्न. 2016 ला पोर्तुगालची सरकारी वाहिनी आरटीपी स्पर्धेतून बाहेर राहिली आणि तिनं आपली निवडफेरी, 'फेश्तिव्हाल दा कान्साँव', मोडून पुन्हा बांधली. नवी पद्धत अशी: आधी संगीतकार बोलवायचे, मग गायक त्यांनी निवडायचा. लुइझा सोब्राल यांनी गाणं लिहिलं आणि भावाला, साल्व्हादोरला दिलं. अंतिम निकालात ज्युरी आणि फोनमतं निम्मी-निम्मी. गंमत अशी की घरच्या अंतिम फेरीत प्रेक्षकांच्या फोनमतांत साल्व्हादोर दुसरा होता. ज्युरीनं पहिला ठेवला म्हणून तो 2017 च्या युरोव्हिजनसाठी कीव्हला पोचला. नुसत्या फोनमतांवर निवड केली असती तर पोर्तुगाल आजही वाट बघत असता.

कीव्हमध्ये त्यानं मुख्य रंगमंच सोडून प्रेक्षकांमधल्या छोट्या मंचावर, एकट्यानं गायलं. नर्तक नाहीत, आग नाही. पंचवीस गाण्यांच्या झगमगाटात कॅमेरा एकाच माणसावर थांबला की बघणारा आपोआप थांबतो. त्याच्या हृदयविकारामुळे सुरुवातीच्या तालमीत लुइझा त्याच्या जागी उभी राहिली. यावरून "सहानुभूतीची मतं मिळाली" म्हणणारे भेटतात. ज्युरीचे 382, प्रेक्षकांचे 376, एकूण 758, आणि दोन्ही रकान्यांत पहिला. ज्युरी तर आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर गुण देते. सहानुभूती एवढी समसमान वाटली जात नाही.

आता पुरवणी. आरटीपीची नवी पद्धत म्हणजे हमी नव्हे. 2018 ला लिस्बनला, स्वतःच्या अंगणात, त्याच पद्धतीनं निवडलेलं गाणं 39 गुणांसह सव्विसावं, म्हणजे शेवटचं आलं. आणि हो, शेजारी स्पेन आणि फ्रान्स, स्वित्झर्लंडमधली पोर्तुगीज वस्ती यांच्याकडून थोडे जास्त गुण येतात, हे मी नाकारत नाही. फक्त ती वस्ती 2017 ला होती तशीच 2018 लाही तिथेच होती.