बाबांच्या शीटमधली नववी

“ताई, कोच नवीन मुली आणतच चालल्यात. लेकीला आता सांगून टाकू का, की सोड हे सगळं आणि अभ्यासाला लाग?”

2025च्या एप्रिलमध्ये एका आईनं मला हे विचारलं. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांत मराठी घरं बरीच असतात, आणि हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी कितीतरी तोंडांनी ऐकलाय. मूल कॉलेजच्या टीममध्ये असतं, वर्षभर बाकावर बसलेलं असतं, आणि सीझन संपता संपता टीम नव्यानं बांधायला घेतात. आईवडिलांची झोप उडते ती तेव्हा. या घरानं आपली गोष्ट लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असं जे होतं ते मी बदललंय.

मुलगी पहिल्या वर्षाला, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये. कॉलेज डिव्हिजन वनमधलं, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातलं, घरापासून दीड तासावर. ती वॉक-ऑन होती. टीममध्ये घेतलेली, पण खेळाची स्कॉलरशिप नसलेली. घेताना एका असिस्टंट कोचनं म्हटलं होतं, “दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपचं बघू.” कागदावर काहीच नव्हतं. मार्चमध्ये तो असिस्टंट कोच दुसऱ्या कॉलेजला निघून गेला, आणि ते ‘बघू’ही त्याच्याबरोबर गेलं. हे फार ठिकाणी होतं. मुलीला हेरणारा, घरी येऊन चहा पिऊन जाणारा माणूस वर्षभरात बदलतो, आणि नव्या माणसाला तिच्याबद्दल काही देणंघेणं नसतं.

पहिल्या भेटीला आईवडील दोघंच आले. बाबा पुण्याचे, कॉलेजात असताना डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर खेळलेले. लेकीच्या हातात पाचव्या वर्षी चेंडू दिला तो त्यांनीच. पुण्याहून आजी अजूनही फोनवर भारताची कॅप्टन राहिलेल्या पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव काढते, “आपलीही तशीच होईल” म्हणते. बाबांनी लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला.

एक्सेलची शीट होती. पुढच्या सीझनची संभाव्य टीम. नाव, उंची, जागा, खेळण्याची उरलेली वर्षं, गेल्या सीझनमधली सरासरी मिनिटं. जाणाऱ्या मुली लाल, दुसऱ्या कॉलेजांतून येणाऱ्या निळ्या. रोज रात्री जेवण झालं की ते बातम्या चाळायचे आणि शीट बदलायचे. लेकीची ओळ पिवळी. ती नवव्या जागी होती.

“नववी आली तर खेळेल, मॅडम. आठ-नऊ जणी फिरवतातच कोच.”

त्यांचा हिशोब वेडा नव्हता. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. कोर्टवर एका वेळी पाच जणी, म्हणजे एका मॅचमध्ये वाटायला एकूण 200 मिनिटं. पहिल्या पाच जणींनी तीस-तीस घेतली की दीडशे संपली. उरलेल्या पन्नासांत सहावी ते नववी भागते. दहाव्या मुलीपासून पुढे मॅच बघायची असते.

पण हा हिशोब कशावर उभा होता ते सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत ही जमीनच हलली आहे. ट्रान्सफर पोर्टल 2018 साली सुरू झालं. कॉलेज सोडू पाहणारा खेळाडू त्यात नाव घालतो आणि बाकीच्या कॉलेजांना त्याच्याशी बोलता येतं. पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2021 मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, आणि 2024 पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. 2021च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर, म्हणजे जाहिराती वगैरेंतून, पैसे घेता येऊ लागले. दर वसंतात मुलींच्या डिव्हिजन वनमधूनच हजारावर नावं पोर्टलमध्ये पडतात. टीम साडेतीनशेहून थोड्या जास्त. त्यामुळे कोचना शाळेतल्या मुलीला चार वर्षं घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेली एकविशीची मुलगी घेणं सोपं वाटतं. मला याचं वाईट वाटतं. पण आपल्या मुलीत काही कमी होतं म्हणून हे घडलं, असं घरात धरून बसू नये, एवढ्यासाठी हे सगळं माहीत हवं.

त्यात त्या एप्रिलमध्ये आणखी एक टांगती तलवार होती. खेळाडूंना पैसे देण्याबद्दलचा मोठा खटला कोर्टात तडजोडीला आला होता. ती तडजोड मंजूर झाली की त्यात सामील होणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा उरणार नव्हती, पण टीमच्या आकाराला बसणार होती. बास्केटबॉलला 15. वॉक-ऑन मुलींच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. पंधराच जणी ठेवायच्या तर पहिली कुऱ्हाड कोणावर, हे सगळ्यांना दिसत होतं. मंजुरी 6 जूनला मिळाली. तोपर्यंत या घरानं सगळा एप्रिल आणि मे धुक्यात काढला.

आईला मी इतकंच म्हटलं, “सोड म्हणायच्या आधी तिला काय वाटतं ते ऐकू या. माझ्याशी बोलेल का ती?”

ती व्हिडिओवर आली ती हॉस्टेलच्या लॉन्ड्रीतून. खोलीत रूममेट होती, आणि ती टीममधलीच. ही ड्रायरला पाठ टेकून फरशीवर बसली होती. मागून घरघर चालू, मध्येच एखादं बटण पत्र्यावर टणकन आपटायचं. “इथे कोणाला काही ऐकू जात नाही, मावशी,” म्हणाली.

तब्येतीचं आधी विचारलं. रात्री दोन-अडीचपर्यंत फोन बघायची. मेसमध्ये टीमचं टेबल लागायचं म्हणून जेवायलाच जायची नाही, खोलीत सीरियल खायची. मी लगेच तिला कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्यायला लावली. झोप आणि जेवण दोन्ही बिघडलं की पुढचं बोलणं नंतर, हा माझा नियम आहे.

मग तिनं आपणहून शीटचा विषय काढला. सुट्टीत घरी आली असताना बाबांच्या लॅपटॉपवर तिनं ती पाहिली होती.

“मी नववी आहे त्यात.”

“तुला काय वाटतं?”

थोडा वेळ नुसताच ड्रायर ऐकू आला. “मी पंधरावी आहे, मावशी. कदाचित सोळावी. प्रॅक्टिसला रोज दिसतं ते. मला माहितीये. पण बाबांना नववी हवीये. मग मी फोनच घेत नाही.”

मी वहीत दोनच आकडे लिहिले, 9 आणि 15. मधल्या सहा जागांत ती मुलगी एकटी पडली होती. जागा जाईल याचं दुःख तिला होतंच, पण ते तिनं बऱ्यापैकी पचवलं होतं. जे खरं आहे ते घरी बोलता येत नाही, हे तिला सोसवत नव्हतं. बाबा फोन करायचे, पहिला प्रश्न “आज कोण आलं?”, आणि कोण आलं, कोण गेलं यावरून त्यांचा आवाज चढायचा-उतरायचा. आपण आवाजाच्या त्या चढउताराला आशा म्हणतो, धीर देणं म्हणतो. लेकीला त्यातून ऐकू येतं की खरं सांगितलं तर बाबा मोडतील. मग ती बाबांना जपायला लागते. एकोणीस वर्षांच्या पोरीनं स्वतःचं मोडलेलं मन सांभाळायचं की बाबांचं?

बाबांशी मी नंतर वेगळं बोलले. त्यांना ते लागलं, आणि मी ते सौम्य करायचा प्रयत्न केला नाही. ते गप्प बसले, मग म्हणाले, “नववी मी मुद्दाम नाही ठेवली हो. मला खरंच तसं दिसत होतं.” मला ते पटतं. प्रेमाला तसंच दिसतं. शीट पुसायला मी सांगितलं नाही. त्या माणसाला खेळाचं वेड आहे, ते का काढून घ्यायचं? फक्त लेकीशी फोनवर बोलताना शीट बंद, आणि टीमचा विषय तिनं काढला तरच, एवढं ठरलं.

आई कोचना ईमेल करायच्या तयारीत होती. मी ठाम नाही म्हटलं. शाळेत चालतं, कॉलेजात चालत नाही. आईवडिलांचा ईमेल आला की कोचच्या मनात मुलगी लहान होते. विचारायचं ते तिनंच.

आम्ही दोघींनी तयारी केली. मी कोच झाले, ती ती. पहिल्या वेळी तिनं सुरुवातच “सॉरी, तुमचा वेळ घेते” अशी केली. तिसऱ्या वेळेपर्यंत सॉरी गेलं. प्रश्न तीनच ठरवले. पुढच्या वर्षीच्या पंधरा जणींत मी आहे का? असेन तर माझं काम काय? आणि स्कॉलरशिपबद्दल जे बोलणं झालं होतं ते कागदावर येणार आहे का? “मी खेळेन का?” हा प्रश्न आम्ही मुद्दाम गाळला. त्याचं खरं उत्तर मे महिन्यात कुठलाही कोच देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कोचनं उत्तरं दिली. कॉलेजनं तडजोडीत भाग घेतला तरी तिला टीममध्ये ठेवायचा विचार आहे. मिनिटांची खात्री नाही, काम मुख्यतः स्काउट टीमचं, म्हणजे सरावापुरतं. स्कॉलरशिप नाही. मुलीनं मला मेसेज केला: “तीन उत्तरं मिळाली. एक हो, दोन नाही. आज जेवले.”

यानंतरचा निर्णय सोपा नव्हता. पोर्टलमध्ये नाव घालणं हे नुसतं चाचपून पाहणं नसतं. नाव घातलं की जुन्या कॉलेजला तुमची जागा राखून ठेवायचं बंधन राहत नाही, आणि दर वर्षी कितीतरी मुलांना नवी जागा मिळतच नाही. नव्या कॉलेजात सगळे क्रेडिट मोजले जातील असंही नाही. दुसरा रस्ता डिव्हिजन थ्रीचा. तिथे खेळाची स्कॉलरशिप अजिबात नसते, अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, पण खेळायला मिळायची शक्यता जास्त. आपल्या घरांत डिव्हिजन थ्री म्हटलं की नाक मुरडतात, ते मला पटत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मुलींनी 2024 आणि 2025 ही दोन्ही वर्षं एकही मॅच न हरता तिथली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आणि शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी कॉलेजच्या कुठल्याही डिव्हिजनला जेमतेम चार पोचतात. तिसऱ्या डिव्हिजनचा बाकसुद्धा फुकट मिळत नाही.

व्हिसावर असलेल्या घरांसाठी एक सांगून ठेवते, हे घर त्यातलं नव्हतं तरी. एफ-1 वर शिकणाऱ्या मुलांना खेळाची स्कॉलरशिप घेता येते, पण नावावर-चेहऱ्यावर मिळणारा पैसा हे काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो. एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना तर काम करायलाच मुभा नसते. कोणी साधा टी-शर्ट घालून फोटो टाकायचे पैसे देऊ केले तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

मी तिला एकच विचारलं होतं. “मॅच नसते त्या मंगळवारी सकाळी सहाला उठून जिममध्ये जायचं, ते तुला आवडतं का?” तिनं दोन आठवडे घेतले आणि हो म्हणाली. ती राहिली.

उन्हाळा गेला, निळ्या ओळींतल्या मुली आल्या. स्काउट टीमचं काम म्हणजे पुढच्या मॅचमधल्या विरोधी टीमची नक्कल करायची. त्यांचे डाव पाठ करायचे आणि आपल्याच पहिल्या पाच जणींविरुद्ध ते रोज खेळायचे. मुलींच्या बऱ्याच टीमना यासाठी कॉलेजातली मुलं सरावाला येतात, इथेही येत होती. सहा फुटी मुलाच्या खांद्याला खांदा लावून स्क्रीनमधून, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूला चुकवून, कसं सुटायचं ते तिनं मला फोनवर हातवारे करून सांगितलं. ऑक्टोबरात एकदा कोचनं तिला थांबवून विचारलं होतं, समोरच्या टीमची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, डावीकडे का वळते. तिला माहीत होतं. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सांग की.

सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. आईवडील पहिल्या घरच्या मॅचला गेले. ती खेळली नाही. परतीच्या वाटेवर बाबा काही बोलले नाहीत, पण घरी पोचल्यावर त्यांनी फोन करून विचारलं ते, ती टाइमआउटला गार्डच्या कानात काय सांगत होती. अर्धा तास बोलणं झालं, असं आई म्हणाली.

त्याच आठवड्यात लेकीचा त्यांना मेसेज आला. बाबा, तुझी शीट पाठव, त्यात दोन चुका आहेत. एकीची उरलेली वर्षं चुकली होती, आणि बाबा ज्या उंच मुलीला फॉरवर्ड समजत होते ती सेंटरला खेळायची. लेकीनं दोन्ही दुरुस्त केलं. मग पिवळी ओळ उचलून पंधराव्या जागी नेऊन ठेवली आणि शीट परत पाठवली.

डिसेंबरात शेवटच्या भेटीला बाबांनी मला लॅपटॉप दाखवला. बाकीच्या ओळी बऱ्याच हलल्या होत्या. पिवळी ओळ तिनं ठेवली होती तिथेच होती.