काच लावण्याआधी घरातला अंधार बघा

तुमचा प्रश्न वाचला. गुहागरजवळचं आजोळचं कौलारू घर दुरुस्त होतंय, तुमचा हात काचकामात बसलेला आहे, आणि प्रकाश, निसर्ग, वास्तू या तिन्हींना धरून काचशिल्पांची मालिका तिथे करायची आहे. पहिलं शिल्प समुद्राच्या अंगाला, कुंपणापाशी, सात फुटी उभं. काच कुठली घ्यावी आणि भट्टी घरीच बांधावी का, असं विचारलंयत.

पहिलं शिल्प तिथे नको. समुद्रावर उजेड चहूबाजूंनी इतका असतो की काच त्यात हरवते. आपल्याला दिसतात त्या काचेच्या कडा, तिच्यावर पडलेलं प्रतिबिंब आणि तिच्या पाठीमागे जे असेल ते. पाठीमागे पांढरं आभाळ आणि चकाकतं पाणी असलं की सात फुटांचं काम फोटोतसुद्धा शोधावं लागेल. सूर्य बुडायच्या वेळी अर्धा तास छान दिसेल, कबूल. पण उरलेला दिवस त्याच्यावर खाऱ्या वाऱ्याचं पुट चढत राहणार आणि तुम्ही फडकं घेऊन उभ्या.

जुन्या कोकणी घराकडे काचेच्या कामाची खरी मिळकत आहे ती अंधाराची. तुमच्या माजघरावर काचेचं कौल आहे का? नसलं तर दुरुस्तीतच एखाद-दुसरं बसवून घ्या, चारशे-पाचशे कौलांत एवढं काही जड नाही. त्यातून येणारा कवडसा सकाळी पश्चिमेच्या बाजूला पडतो आणि दिवसभरात पूर्वेकडे सरकतो, हे लहानपणी पाहिलं असेलच. पण त्याचा वर्षाचा फेराही असतो आणि शिल्पकाराच्या कामाचा आहे तो. गुहागर साधारण साडेसतरा अक्षांशावर. मे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमाराला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणजे कवडसा कौलाच्या थेट खाली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तोच सूर्य दुपारीही पन्नास अंशांच्या अलीकडेच थांबतो. कौल जमिनीपासून चार मीटरवर असेल तर कवडसा जवळजवळ साडेतीन मीटर उत्तरेला पडतो, कधी जमिनीवर, कधी मागच्या भिंतीवर चढलेला. म्हणजे माजघरात एका जागी ठेवलेल्या काचेला थेट ऊन वर्षातून काही आठवडेच लागणार. काहींना ही अडचण वाटेल. मला वाटतं मालिकेचा आराखडाच यातून काढावा: संक्रांतीला पेटणारं काम वेगळं, होळीच्या सुमाराला पेटणारं वेगळं. आधी एक पूर्ण हिवाळा खडूने खुणा करा. सारवलेल्या जमिनीवर त्या चांगल्या उमटतात, आणि सारवलेली जमीन चकाकत नसल्यामुळे काचेतून पडलेला उजेडही तिच्यावर स्वच्छ वाचता येतो. दुरुस्तीच्या नादात तिथे चकचकीत टाइल्स घालू नका, एवढी विनंती.

काच कुठली? लोक सुचवतील ‘लो-आयर्न’, म्हणजे लोह कमी असलेली, पाण्यासारखी स्वच्छ. मी साधी फ्लोट काच घेईन, खिडकीला लावतात तीच. तिची कड हिरवी दिसते कारण वाळूतला लोहाचा अंश काचेत उतरलेला असतो. तुमच्या भिंतीच्या जांभ्या चिऱ्याचा तांबडा रंगही लोहाचाच. जांभा आणि हिरवी कड शेजारी ठेवून बघा, वेगळा रंग घालायची गरज वाटणार नाही. शिवाय काचेला लागणारी सिलिका वाळू आपल्याच दक्षिणेला, कणकवली तालुक्यात कासार्ड्याच्या बाजूला निघते. निसर्ग आणि वास्तू जोडायला याहून लांब कशाला जायचं?

सुरुवात थरांपासून करा. दहा मिलिमीटरच्या काचेचे फूटभर चौरस तुकडे एकावर एक. वजनाचा हिशोब आधी मांडा: दहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते, तेव्हा दोन फूट उंचीचा असा खांब एकशे तीस-चाळीस किलोंवर जातो. माजघराच्या जमिनीवर थेट ठेवलात तर तो कलणार. खाली चिरा बसवा, तोही पाणसळ लावून.

थरांत एक गंमत आहे. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून चारेक टक्के प्रकाश माघारी फिरतो. मधे हवा ठेवून वीस काचा रचल्या की चाळीस पृष्ठं होतात आणि खांब चंदेरी दिसायला लागतो. फटीत पाणी शिरलं की तेच पृष्ठ जवळजवळ नाहीसं होतं आणि तेवढा पट्टा एकदम आरपार, गडद हिरवा. पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या माऱ्यात असा खांब ठेवला तर पहिल्या पावसात तो रंग बदलताना दिसतो. मात्र चिकटून बसलेल्या काचांमध्ये पाणी अडकून राहिलं तर ते काचेतला सोडा ओढून घेतं आणि धुऊन न जाणारे इंद्रधनुषी डाग पडतात. दुकानात भिजलेल्या काचांच्या गठ्ठ्यात हे बघायला मिळतं. म्हणून पावसात राहणाऱ्या कामात फटी चार-पाच मिलिमीटरच्या ठेवा, पाणी निथळलं पाहिजे आणि वारा खेळला पाहिजे. सप्तरंग हवे असतील तर काचवाल्याकडून कड तिरकी घासून घ्या. दोन्ही पृष्ठं समांतर असलेल्या काचेतून ते पडत नाहीत.

जून ते सप्टेंबर कवडसे विसरा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उजेड सगळीकडून सारखा आणि राखाडी येतो, सावलीही पडत नाही. त्या चार महिन्यांसाठी घासलेली, दुधी काच किंवा जाडीत फरक असलेली ओतीव काच उपयोगी. स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या चेक दांपत्याची ओतीव कामं फोटोत जरूर बघा: रंग एकच, पण जिथे काच पातळ तिथे उजळ आणि जाड तिथे काळोखी, सगळा आकार त्या फरकातून उभा राहतो. गोव्यात जुन्या खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या लावलेल्या दिसतात, त्यांचा मऊ उजेडही याच जातीचा. पावसाळी दुपारी एकदा त्यांच्या आतल्या बाजूला बसून बघा.

ओतीव कामासाठी भट्टी लागते आणि ती घरी नको. काच वितळवणं सोपं, निववणं, म्हणजे सावकाश थंड करणं, अवघड. जाडी दुप्पट झाली की निववायचा वेळ चौपट होतो. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेचा दोनशे इंची आरसा 1934 मध्ये ओतला, तो निववायला दहा महिने लागले. तुमची चार इंची लादसुद्धा दिवसांचं काम आहे, आणि तेवढ्यात एकदा वीज गेली तर आत ताण राहतो. लाद त्या दिवशी धड दिसते, पुढे कधीतरी आपोआप तडकते. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. ओतकाम पुण्या-मुंबईत भाड्याच्या भट्टीवर करा. कापणं, घासणं, रचणं गावी.

बाहेर जे काही लावाल त्याचं लोखंड-गोंदाचं आधी बघा. स्टील 316 नंबरचं मागा, 304 समुद्राजवळ तांबडं पडतं. सिलिकॉन न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं धातू खातं. डोक्याच्या वर काच असेल तर लॅमिनेटेडच, फुटली तरी जागेवर राहते. 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते आठवत असेल, त्यामुळे सात फुटी उभ्या काचेचा पाया इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

घन काचेचा गोळा बागेत उघडा ठेवू नका. त्याच्या पृष्ठापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर ऊन एका बिंदूत गोळा होतं. मार्च-एप्रिलात तिथे वाळलेलं गवत किंवा पेंढा असला तर वणव्याला दुसरं कारण लागत नाही. मोठी स्वच्छ काच पक्ष्यांनाही दिसत नाही. तिच्यावर दर दोन इंचांवर ठिपका किंवा रेघ घासून घ्या, तोच नक्षीचा भाग करता येतो.

आणि समुद्राच्या अंगाला काही हवंच असेल तर कुंपणाऐवजी गडगा, म्हणजे दगडी बांध, घाला आणि चिऱ्यांच्या मधल्या सांध्यांत जाड काचेच्या आडव्या पट्ट्या बसवा, चुन्यात, सिमेंटमध्ये नको. काचेच्या वर-खाली दगडाचा अंधार मिळेल, आणि दुपार टळल्यावर सूर्य समोर आला की आतल्या बाजूने त्या पट्ट्या हिरव्या पेटतील. वादळात वारा गडग्याला लागेल, काचेला नाही. जागा मात्र माडाखालची निवडू नका. नारळ आणि झावळ कुणाचं शिल्प आहे ते बघत नाहीत. वानरांचा बंदोबस्त काय करायचा ते इथल्या बागायतदारांनी सांगावं, माझ्याकडे उत्तर नाही.