आरसी (रिमोटवरच्या) कारचा वेग वाढवायला १८ दातांच्या जागी थेट २४ दातांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) लावू का?

थेट २४ नको. १९ किंवा २० पासून सुरू करा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी १:१० ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची बग्गी आहे. ३५०० केव्हीची (एका व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे) ब्रशलेस मोटर, टू-एस लिपो (दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी), ८१ दातांचा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), गिअरबॉक्सच्या आतला रेशो २.६, मागच्या चाकाचा व्यास ८५ मिमी. आणि चालवता नागपुरात, मे महिन्यात. माझ्या मते सगळं अडतं ते या शेवटच्या गोष्टीवर.

हिशेब सोपा आहे. ८१ भागिले १८, गुणिले २.६, म्हणजे ११.७. मोटर इतके फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. ७.४ व्होल्टवर मोटरचे मिनिटाला २५,९०० फेरे धरले, तर वेग ताशी ३५ किमीच्या आसपास येतो. २० च्या पिनियनला ३९, २४ ला ४७. हे सगळं कागदावरचं. बोजा पडला की फेरे उतरतात, त्यामुळे मैदानात यापेक्षा कमीच मिळतं.

आता दुसरी बाजू. पिकअप तोच हवा असेल तर २४ दातांवर मोटरला एक तृतीयांश जास्त जोर लावावा लागतो. करंट त्याच प्रमाणात वाढतो आणि वाइंडिंगमधली (मोटरच्या तारांच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. समजा, मोटर हवेपेक्षा ४० अंश जास्त तापते. जानेवारीत सकाळी २० अंशांत ती ६० वर राहील. तीच गाडी, तोच पिनियन, मे महिन्यात ४५ अंशांत ८५ वर जाईल. मी ८० च्या वर जाऊ देत नाही, कारण जास्त तापलं की रोटरमधल्या चुंबकांची ताकद कायमची घटते. आपल्याकडे हिवाळ्याचा पिनियन वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा ठेवलेला बरा.

म्हणून एकेक दात वाढवा. तीन-चार मिनिटं जोरात पळवा, थांबवल्याबरोबर मोटरचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण कपाळावर धरायचा नको. तो ताप मोजायला बनलाय. मोटरचं कव्हर चकचकीत असेल तर रीडिंग खरं त्यापेक्षा कमी येतं. तिथे काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, किती तापलाय तेही बघून घ्या.

पिनियन घेताना पिच, म्हणजे दातांचं माप, स्परशी जुळतो का ते आधी तपासा. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल ही दातांची दोन वेगळी मापं, नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकमेकांवर चालवले की स्परचे दात खातात. बसवताना दोन्ही गिअरमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरा, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडायला हव्यात, ती फाटली तर मेश (दोन गिअरच्या दातांची जुळणी) घट्ट झालाय. पिनियनचा बारीक स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच यायला हवा.

आणि भाऊ, मैदान केवढं आहे? कॉलनीतल्या छोट्या ग्राउंडवर गाडी टॉप स्पीडला पोचायच्या आत वळण येतं. तिथे १८ दातांचीच गाडी पुढे निघते, मोठ्या पिनियनची मागून रेटत येते. कस्तुरचंद पार्कसारखी लांब मोकळी जागा मिळत असेल तर २१-२२ पर्यंत जाऊन बघा, तेही सकाळी सातच्या आत.