‘गेटवर भेटेन’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याचं काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरचा ओव्हरटाइमचा हिशोब दिवाळीपासून अडकलाय, आधी तावातावाने भांडायचा, आता कोणाशी बोलत नाही, डबापण एकटाच खातो. परवा मशीन पुसता पुसता म्हणाला, ‘त्या एचआरवाल्याला सांगा, सेकंड शिफ्ट सुटली की गेटवर भेटेन.’ बाकीचे म्हणतात नुसता बोलतो तो, कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा. सांगू का नको?

उत्तर: दादा, सांगा, आणि आजच सांगा. आवाज चढणं, पाना आपटणं हे शॉपफ्लोअरवर रोजचंच आहे, तेवढ्यावरून कुणाला धोकादायक ठरवायचं नाही. पण इथे माणूस ठरलाय, जागा ठरलीय, वेळ ठरलीय, आणि भांडणारा एकदम गप्प झालाय, हे सगळं एकत्र आलं की सोडून द्यायचं नसतं. 19 मार्च 2025 ला हिंजवडीत कंपनीची मिनीबस जळाली, चार कर्मचारी गेले, आधी अपघात वाटला, नंतर पोलिसांनी सांगितलं की ड्रायव्हरनेच पेटवली, पगार कापल्याचा आणि सहकाऱ्यांशी झालेल्या वादाचा राग होता आणि ज्यांच्यावर राग होता ते वाचले, भलतेच गेले. फार वाईट वाटतं वाचून.

त्याचे शब्द जसेच्या तसे तारीख-शिफ्टसकट लिहा आणि मॅनेजरला मेल करा, नुसतं तोंडी नको. एकट्याने त्याला जाब विचारायला जाऊ नका, चारचौघांत तर अजिबात नको. ज्याला धमकी आहे त्याला कळवा, त्याची सुटायची वेळ काही दिवस बदलायला सांगा, सिक्युरिटीला कल्पना द्या.

आणि त्याचा हिशोब मिटवायला लावा! माझ्या मते खरं काम हेच आहे, कारण हक्काचे पैसे महिनोन्‌महिने अडकवून वर माणसाने शांत राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती कायद्याने लागतेच, त्याचा अर्ज तिकडे द्या. त्याला काढायचंच ठरलं तर गेटवर अडवून, आयकार्ड हिसकावून नको, दोघांनी बसून, सगळा हिशोब हातात देऊन.

त्याचा जवळचा एखादा मित्र असेल तर त्याला बोलायला सांगा, घरी कर्ज, आजारपण काय चाललंय ते कळेल, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. पण हत्यार दिसलं किंवा तो खरंच गेटवर येऊन थांबला तर मीटिंगची वाट बघू नका, सरळ 112 लावा.