वाचकांचे प्रश्न : घरातले फोटो आणि मांडणशिल्प

प्रश्न : घरातील जुनी छायाचित्रे दालनात मांडली, तर तो मोठा अल्बमच नव्हे का?

उत्तर : अल्बममध्ये घराला जे आठवायचे असते तेवढेच लागते, कलावंत त्या निवडीलाच हात घालतो. कलावंत विवान सुंदरम यांनी १९९५ मधील ‘शेरगिल आर्काइव्ह’ या मांडणशिल्पात (म्हणजे वस्तू जागेत मांडून घडवलेल्या कलाकृतीत) कौटुंबिक छायाचित्रांचा आधार घेतला. पुढे २००१-०२ मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत (हे काटेकोर अर्थाने मांडणशिल्प नव्हे) त्यांनी आजोबा उमरावसिंग यांनी टिपलेली छायाचित्रे संगणकावर जुळवली आणि मावशी चित्रकार अमृता शेरगिल, आई इंदिरा व उघड्या अंगाने स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभे करणारे आजोबा यांना, निरनिराळ्या वयांत, एकाच चौकटीत आणले. प्रत्यक्षात कधीच न घडलेली ती भेट घरातील ताण अल्बमपेक्षा अधिक उघडपणे दाखवते, असे मला वाटते.